दोन टक्क्यांचे रामटेके

आमच्या शाखेत गृहकर्जाच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या आणि भिंतीला लागून एक लाकडी बाक. खुर्च्यांवर घर घेणारं जोडपं बसायचं आणि बाकावर शालिक रामटेके. खुर्ची रिकामी असली तरी ते बाकावरच बसत. "या की इकडं," म्हटलं तर म्हणत, "नको मॅडम, ती घरवाल्यांची जागा आहे. मी घर दाखवणारा."

कर्वे रस्त्यावरच्या त्या शाखेत मी पुष्कळ वर्षं काढली. कर्ज मागायला येणाऱ्या माणसाबरोबर एजंट येतोच. बहुतेक एजंट आले की माझ्या टेबलावर कोपर टेकून बोलत आणि जाताना दिवाळीच्या डायऱ्या ठेवून जात. रामटेके असं काही करत नसत. गिऱ्हाइकाची कागदपत्रं पुरी आहेत ना एवढं बघत आणि बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसत. पिशवीत किल्ल्या असायच्या. प्रत्येक किल्लीला साडीच्या काठाची चिंधी बांधलेली. रंगावरून त्यांना घर ओळखू यायचं. या चिंध्या त्यांच्या पत्नीच्या, वनिताबाईंच्या, जुन्या साड्यांच्या होत्या हे मला फार नंतर कळलं.

बारीक अंगकाठी, पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, भर मे महिन्यातही मनगटापर्यंत बटणं लावलेला. मूळचे भंडारा जिल्ह्यातले. तरुणपणी चिंचवडच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले. नव्वद सालानंतर कारखान्यात परदेशी भागीदार आला, नवी यंत्रं आली आणि जुन्या कामगारांना स्वेच्छेनं निवृत्त व्हायला सांगण्यात आलं. "ते मशीन माझंच काम करून राहिलं होतं मॅडम," ते सांगायचे, "आणि चहासुद्धा मागत नव्हतं. मग मीच उठलो." पुण्यात वीस वर्षं राहून त्यांची भाषा आमच्यासारखी झाली होती, पण मन हललं की मधूनच गावाकडचं 'जी' आणि 'करून राहिलो' बाहेर यायचं. त्यावरून मला त्यांचा दिवस कसा गेला ते कळायचं.

सुटलेल्या कामगारांना स्वस्तातल्या खोल्या शोधून देता देता ते या धंद्यात आले. तेव्हा शहराला घरांचं वेड लागलं होतं. हिंजवडीला कंपन्या येत होत्या. पंचविशीतली पोरं पगाराची स्लिप घेऊन माझ्यासमोर बसत आणि त्या स्लिपवरचा आकडा त्यांच्या वडिलांनी निवृत्त होतानाही पाहिलेला नसे. कोथरूड, कर्वेनगर, वारजे, जिकडे बघावं तिकडे जुने बंगले पाडून इमारती उठत होत्या. वाणी, विम्याचा माणूस, झेरॉक्सवाला, सगळे जोडधंदा म्हणून एजंट झाले होते. रामटेक्यांचा तोच एक धंदा होता.

घर दाखवण्याची त्यांची एक पद्धत होती. कुलूप उघडायचं, चपला बाहेर काढायच्या, खिडक्या उघडायच्या आणि मग स्वतः हॉलच्या फरशीवर मांडी घालून बसायचं. गिऱ्हाइकालाही म्हणायचं, "बसा." काहीजण हसायचे, काहीजण पँटची इस्त्री सांभाळत उभे राहायचे. "उभ्यानं बघतो तो दुकान बघतो," रामटेके म्हणत. "घर बसूनच कळते." बसल्यावर ते काहीच बोलत नसत. शेजारच्यांचा टीव्ही ऐकू येतोय का, रस्त्यावरचा धूर येतोय का, ते माणसाला आपोआप कळायचं. यामुळं त्यांचे कितीतरी व्यवहार मोडले. दुसरे एजंट त्यांना मूर्ख म्हणत.

पण त्यांची खरी पंचाईत कमिशनची होती. 'दोन टक्के' हे ते पहिल्याच भेटीत सांगत, अगदी स्पष्ट. आणि मिळत कधीच नसत. रजिस्ट्रेशन कचेरीतून बाहेर आल्यावर, उसाच्या रसाच्या गाड्याशी उभं राहून, लोक त्यांच्याशी घासाघीस करायचे. घर घेताना मालकाशी जे बोलायची हिंमत झाली नाही ते सगळं तिथं रामटेक्यांवर निघायचं. "स्टँप ड्यूटी किती बसली बघितलंत ना." "फर्निचर करायचंय अजून." "आपले घरचे संबंध झाले आता." रामटेके ऐकत आणि उतरत जात. दीड, एक, कधी त्याच्याही खाली. एकदा तर एका डॉक्टरांनी शाल आणि नारळ दिला.

"तुम्ही आधीच लिहून का घेत नाही?" मी एकदा विचारलं.

"लिहून मागितलं की माणूस दुसऱ्याकडं जाते मॅडम." मग जरा हसून म्हणाले, "पहिल्या दिवशी मी रामटेकेसाहेब असतो. टोकन दिलं की नुसता रामटेके. आणि रजिस्ट्रेशन झालं की 'तो एजंट'. मी त्याच जागेवर उभा असतो जी, नाव तेवढं बदलत जाते."

सदाशिव पेठेतल्या आपटे प्राध्यापकांची गोष्ट त्यांनीच मला सांगितली. आपट्यांचा मुलगा अमेरिकेत. फ्लॅट विकून म्हातारा-म्हातारी ज्येष्ठांच्या सोयीच्या वसाहतीत राहायला जाणार होती. रामटेक्यांनी गिऱ्हाईक आणलं, व्यवहार उत्तम झाला. कमिशनसाठी गेले तेव्हा आपटे म्हणाले, "अहो रामटेके, तुम्ही नेमकं काय केलंत? दोन माणसांची ओळख करून दिलीत. आमच्याकडे लग्न जमवणारेसुद्धा नुसत्या जेवणावर जातात."

रामटेके म्हणाले, "मग जेवण द्या."

आपट्यांना वाटलं, हा विनोद आहे. पण रामटेके खुर्चीवर बसूनच राहिले. शेवटी आत जाऊन बाईंनी खरंच पान वाढलं. रामटेक्यांनी शर्टाच्या बाह्यांची बटणं सोडली, हात धुतले आणि सावकाश जेवले. आमटी पुन्हा मागून घेतली. ताकाबरोबरचा मागचा भातही घेतला. आपटे समोर वर्तमानपत्र धरून बसले होते. जेवण झाल्यावर रामटेके म्हणाले, "बाई, आमटी फार चांगली झाली होती," आणि निघाले. जिन्यात आपटे मागून आले आणि त्यांच्या खिशात पाकीट कोंबून परत गेले. "किती होते?" मी विचारलं. "निम्मे. जेवणाचे कापून घेतले असतील."

हे सांगताना ते हसले आणि मीही हसले. त्या काळात आम्ही अजून हसत होतो.

मग एक संगणक कंपनीतलं जोडपं आलं. वारज्यातलं एक घर रामटेक्यांनी त्यांना दाखवलं, फरशीवर बसवलं, त्यांना ते पसंत पडलं. "विचार करून कळवतो काका," म्हणाले आणि कळवलंच नाही. काही आठवड्यांनी रामटेके दुसऱ्या गिऱ्हाइकाला घेऊन त्याच घरी गेले तर किल्ली लागेना. कुलूप बदललं होतं. बेल दाबली. दार त्या मुलीनं उघडलं. आत पडदे लागले होते. मालकानं आणि त्यांनी परस्पर सौदा केला होता आणि दोघांनी मिळून रामटेक्यांचं कमिशन वाचवलं होतं.

मुलगी गोरीमोरी झाली. मग म्हणाली, "या ना काका, चहा घ्या."

"मग तुम्ही काय केलंत?"

"घेतला चहा. बरोबर गिऱ्हाईक होतं ना. त्याच्यासमोर काय बोलू." मग म्हणाले, "पोरीनं बिस्किटं पण काढली. वाईट नव्हती ती. तिला वाटलं असेल, हे असंच करतात. सगळेच करून राहिले."

त्यांचा राग कुठं जातो, हे मला कधी समजलं नाही. एकदा मी तसं बोलून दाखवल्यावर म्हणाले, "घरी नेतो. वनिता म्हणते, कारखान्यातून लोखंडाचा वास आणत होता तो बरा होता."

वनिताबाई एका खाजगी इस्पितळात आया होत्या. दोघं वारज्याच्या पुढं भाड्याच्या दोन खोल्यांत राहत. मूलबाळ नव्हतं. शेकडो घरांची दारं उघडणाऱ्या या माणसाला स्वतःचं घर नव्हतं, आणि का नव्हतं हे मी विचारलंही नव्हतं. एक दिवस ते शाखेत आले आणि बाकावर न बसता सरळ माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले. शेजारच्या खुर्चीवर वनिताबाई. नाकात चमकी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. रामटेके म्हणाले, "मॅडम, आज आम्ही घरवाले आहोत."

कर्वेनगरात दुसऱ्या मजल्यावरचं घर होतं. निकम नावाचे निवृत्त इंजिनिअर मालक. ओट्यासमोरच्या खिडकीतून शेजारच्या बंगल्यातला आंबा दिसतो, असं वनिताबाईंनी मला सांगितलं. ओटा त्यांनी वितीनं मोजून आणला होता. त्यांची पगाराची पावती आणि रामटेक्यांच्या निवृत्तीच्या पैशातलं जे उरलं होतं ते मिळून कर्ज बसत होतं. मी फाइल केली, मंजुरीही झाली. रामटेके निकमांना टोकनची रक्कम द्यायला गेले तेव्हा पावतीवर नाव घालण्यासाठी निकमांनी पहिल्यांदाच पूर्ण नाव विचारलं. मग गाव. मग, "म्हणजे तुम्ही लोक..." असं म्हणून थांबले.

"बौद्ध," रामटेके म्हणाले.

दोन दिवसांनी निकमांचा निरोप आला की घरात चर्चा झाली, सध्या विकायचं नाही असं ठरलंय. आपलं स्वतःचं काही नाही, पण सोसायटीत लोक जुन्या वळणाचे आहेत.

रामटेके येऊन बाकावर बसले. "फाइल बंद करा," म्हणाले. मी म्हटलं, तक्रार करता येईल. ते म्हणाले, "कशाची? त्यांनी विकायचं नाही म्हटलं. घर त्यांचं आहे. न विकणं गुन्हा नाही." वनिताबाई आल्या नव्हत्या. त्या दिवशी त्यांनी जास्तीची पाळी मागून घेतली होती.

पावसाळा संपता संपता एका तरुण जोडप्याची फाइल माझ्यासमोर आली. पत्ता मी पुन्हा वाचला. निकमांचं घर. आणि एजंटच्या जागी नाव, शालिक रामटेके. निकमांनीच त्यांना पुन्हा बोलावलं होतं. घर विकून द्या म्हणाले होते. रामटेक्यांनी किल्ली घेतली होती, चिंधी बांधली होती, लोकांना ते घर दाखवलं होतं, त्याच फरशीवर बसून.

रक्कम द्यायच्या दिवशी सगळे बँकेत जमले. चेक दिला, सह्या झाल्या. निकमांनी खिशातून पाकीट काढून रामटेक्यांपुढं धरलं. रामटेक्यांनी ते माझ्या टेबलावरच उघडून बघितलं आणि परत केलं.

"दोन टक्के ठरले होते," ते म्हणाले.

निकम हसले. "रामटेके, तुम्ही बाकीच्यांकडून निम्मंच घेता. मला माहीत आहे. चौकशी केलीय मी."

"घेतो."

"मग?"

"बाकीच्यांकडून घेतो निम्मं. तुमच्याकडून पूर्ण पाहिजे."

"हे काय बरं. एवढी ओळख असून?"

"ओळख आहे म्हणूनच," रामटेके म्हणाले. आवाज चढला नव्हता. "या घरात माझ्या बायकोनं ओटा मोजला होता जी. ते घर मी दुसऱ्याला दाखवलं. एकदा नाही, रोज जाऊन दाखवलं. आंबा दिसते ते पण सांगितलं. हे काम निम्म्यात होत नाही."

घर घेणारी ती दोघं मुलं काहीच न कळून एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होती. निकमांनी माझ्याकडं बघितलं, जणू मी बँकेच्या वतीनं काही बोलेन. मग त्यांनी चेकबुक काढलं आणि पूर्ण रकमेचा चेक लिहिला. रामटेक्यांनी तो घडी न घालता शर्टाच्या खिशात ठेवला. माझ्या माहितीत, पुण्यातल्या माणसाकडून त्यांना मिळालेलं हे एकमेव पूर्ण कमिशन. संध्याकाळी मी घरी जायला निघाले तरी ते शाखेबाहेरच्या कट्ट्यावर बसलेले होते. "गेला नाहीत अजून?" विचारलं तर म्हणाले, "वनिताला सांगायचं कसं, ते ठरवून राहिलो."

त्यांनी सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही.

त्यानंतर मालकाकडून जुनं घर घ्यायचा विचार त्यांनी सोडला. "बिल्डरकडूनच घ्यायचं," ते म्हणू लागले. "बिल्डर आडनावावर अडत नाही. चेकवर स्पेलिंग बरोबर आहे ना, तेवढं बघते." वाघोलीला नगर रस्त्यापासून आत एक मोठा प्रकल्प उभा राहत होता. ते त्याचं चित्र घेऊन आले. चित्रात कारंजं होतं आणि सायकल चालवणारी मुलं. मी यादी बघितली आणि सांगितलं, "रामटेके, आमच्या बँकेनं या प्रकल्पाला मान्यता दिलेली नाही. जमिनीच्या कागदांत काहीतरी अडकलंय. जरा थांबा." ते म्हणाले, "मॅडम, आम्ही किती थांबायचं?" त्यांनी एका पतसंस्थेकडून कर्ज काढलं, वनिताबाईंनी फंडातून पैसे काढले आणि घर नोंदवलं. तिसरा मजला.

एवढ्यावर थांबलं असतं तर नुकसान दोघांचंच झालं असतं. पण बिल्डरच्या कचेरीत त्यांना विचारलं, तुमची आणखी माणसं आहेत का. रामटेक्यांची माणसं होती. कारखान्यातले जुने सोबती, त्यांच्यासारखेच भंडारा-गोंदियाकडून आलेले. त्यांची मुलं आता शिकून कमवायला लागली होती, कुणी हिंजवडीला, कुणी सरकारी खात्यात. त्यांनाही भाड्याच्या घरांतून तोच अनुभव होता. आडनाव सांगितलं की खोली आधीच दिलेली असायची. रामटेक्यांनी एकेकाला मोपेडवर मागं बसवून वाघोलीला नेलं. घर अजून बांधलेलंच नव्हतं, त्यामुळं फरशीवर बसवता आलं नाही. नुसत्या उभ्या खांबांमधून फिरवून आणलं. सगळे एकमेकांचे शेजारी होणार होते. एकानं गंमतीनं म्हटलं, सोसायटीचं अध्यक्षपद रामटेक्यांना.

प्रत्येक घरामागं बिल्डर त्यांना पूर्ण कमिशन देत होता. त्याच दिवशी, न मागता, वर मिठाईचा पुडा. बोलणं नाही, घासाघीस नाही. नंतर एकदा ते मला म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा कोणी कमी करा म्हटलं नाही मॅडम. तिथंच मला समजायला पाहिजे होतं."

चौथ्या मजल्याचा स्लॅब ओतून झाला आणि काम थांबलं. आधी पावसामुळं, मग वाळूमुळं, मग मजुरांमुळं. मग जमिनीचे आणखी वारस उभे राहिले आणि कोर्टाचा मनाई हुकूम आला. बिल्डरच्या कचेरीला कुलूप लागलं. हप्ते मात्र सुरूच राहिले. घरभाडंही.

एका रविवारी दुपारी रामटेक्यांनी मला घरी बोलावलं. सगळे येणार होते, कर्जाबद्दल विचारतील, तुम्ही बँकेतल्या, नीट सांगाल, असं म्हणाले. मी गेले. दोन खोल्यांतली बाहेरची खोली, सतरंजी घातलेली, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. माणसं दाटीनं बसली होती. मी हप्त्यांबद्दल जे सांगण्यासारखं होतं ते सांगितलं. चांगलं असं त्यात काही नव्हतं.

मग रामटेके उठले आणि आतून पाकिटं घेऊन आले. एकेकापुढं एकेक ठेवलं. "तुमच्या घरामागं मला जे मिळालं ते हे," म्हणाले. "पूर्ण आहे. मोजून घ्या."

काहींनी उचललं. एका बाईनं पदराला डोळे पुसले आणि उचललं. बन्सोड नावाचे वयस्कर गृहस्थ होते, कारखान्यात रामटेक्यांच्या शेजारच्या यंत्रावर काम केलेले. त्यांनी पाकीट बोटानं मागं सरकवलं.

"हे मला नको, शालिक. मला एक सांग. तू आम्हाले तिथं नेलं कायले?"

"मीही तिथंच घेतलं ना जी," रामटेके म्हणाले. "माझं पण सगळं तिथंच गेलं. फसवायचं असतं तर मी घेतलं असतं का?"

"तू घेतलं म्हणूनच आम्ही घेतलं," बन्सोड म्हणाले. "दुसरा एजंट असता तर आम्ही चार ठिकाणी चौकशी केली असती. तू होता म्हणून कोणी केली नाही."

वनिताबाई आतल्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच मागं वळल्या. रामटेके पुन्हा खाली बसले. बन्सोड भिंतीला धरून उठले आणि गेले. पाकीट सतरंजीवर राहिलं. एकेक करून बाकीचेही गेले. चहा कोणी घेतला नाही.

मी निघताना रामटेके बाहेर सोडायला आले. "तुमचा काही दोष नाही," असं मी म्हटलं, ते माझ्याच कानाला पोकळ वाटलं. ते म्हणाले, "पुण्याच्या लोकांनी माझं कमिशन कापलं मॅडम, त्याचं मला एवढं काही वाटत नव्हतं. ती दुसऱ्यांची माणसं होती."

त्यानंतर त्यांचं येणं कमी झालं. धंदाही बदलत चालला होता. घरं फोनवर बघायला मिळू लागली. बाणेर, बालेवाडीला काचेची कचेरी टाकून टाय लावलेली मुलं एजंटगिरी करू लागली, लिहून घेऊ लागली, आधी पैसे घेऊ लागली, आणि लोक देऊ लागले. रामटेके कधीतरी एखादी भाड्याची फाइल घेऊन यायचे, माझ्याशी तिचा संबंध नसला तरी. बाकावर बसायचे, पाणी प्यायचे, जायचे. पिशवीत किल्ल्या वाजायच्या बंद झाल्या होत्या. फिरायला जमत नाही म्हणून मोपेड विकली, असं सांगितलं. खरं कारण पतसंस्थेचा हप्ता असणार.

शेवटचे आले तेव्हा वनिताबाईंचं विचारलं. "ती तुमसरला गेली, भावाकडं," म्हणाले. "म्हणाली, पुण्यात आता आपलं काय आहे."

"आणि तुम्ही?"

"मी गेलो तर लोक म्हणतील, पळाला." खिडकीबाहेर बघत त्यांनी एवढंच सांगितलं. त्यानंतर आमच्या शाखेची जागा बदलली, नव्या जागेत तो बाक आणला गेला नाही, आणि मग मी निवृत्तही झाले. त्यांचा फोन नंबर माझ्याकडे होता. लावला तेव्हा दुसऱ्याच कोणाचा तरी झाला होता. कोर्टातलं प्रकरण अजून चालू होतं, एवढं कानावर यायचं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते निवृत्तीनंतर, एका रविवारी. भाचीच्या मुलीच्या कॉलेजच्या कामासाठी मी आणि माझे यजमान वाघोलीला निघालो होतो. नगर रस्त्यावर वाहतूक तुंबली होती. सुट्टीच्या दिवशी त्या रस्त्याला नव्या प्रकल्पांच्या जाहिराती घेऊन माणसं उभी करतात. प्रत्येकाच्या अंगात एकाच रंगाचा टी-शर्ट, डोक्यावर टोपी, हातात दांड्याला ठोकलेला बाणाचा फलक. उन्हात दिवसभर उभं राहायचं आणि गाड्या थांबल्या की पत्रकं वाटायची. बहुतेक कॉलेजातली मुलं असतात. त्या रांगेत एक म्हातारा होता. अर्ध्या बाह्यांच्या त्या टी-शर्टातून बाहेर आलेले त्याचे हात इतके बारीक आणि उघडे दिसत होते की मला ओळखायला वेळ लागला.

ते आमच्याच गाडीकडं आले. यजमानांच्या बाजूनं काचेपाशी वाकले आणि पत्रक आत दिलं. समोर बघत, पाठ केल्यासारखं म्हणाले, "साहेब, डायरेक्ट बिल्डरकडून. ब्रोकरेज लागत नाही. सॅम्पल फ्लॅट आजच बघून घ्या."

"रामटेके," मी म्हटलं.

त्यांनी आत वाकून बघितलं. टोपीखालचे डोळे माझ्यावर थांबले. यजमान तोवर पत्रकावरचा नकाशा बघू लागले होते. रामटेक्यांनी हात आत घातला आणि ते पत्रक त्यांच्या बोटांतून हलकेच काढून घेतलं.

"राहू द्या जी," म्हणाले.

पुढची गाडी हलली, मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. आम्हाला निघावं लागलं. मी मागं वळून बघितलं तेव्हा ते दुभाजकापाशी परत जाऊन उभे राहिले होते. पत्रकाची घडी त्यांनी टी-शर्टाच्या गळ्यातून आत सरकवली, फलक सरळ केला आणि मागून येणाऱ्या गाडीला दिसेल असा वर धरला.